डॉक्टरचा प्रोफेशनॅलिझम म्हणजे नक्की काय, आणि तो शिकता येतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, प्रोफेशनॅलिझमवर लेक्चर होतात, पोस्टिंग (एखाद्या विभागात ठरावीक काळ शिकायला जाणं) संपताना एक फॉर्म भरला जातो आणि त्याचे मार्कही मिळतात, पण वॉर्डात गेल्यावर काही सिनियर लेक्चरच्या बरोबर उलटं वागताना दिसतात. मग प्रोफेशनॅलिझम खरंच काही असतो का, की वेळेवर येणं आणि स्वच्छ एप्रन घालणं एवढंच, तो शिकवून येतो का, आणि त्याला मार्क देण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात काम करतेय आणि विद्यार्थ्यांना शिकवतेय, त्यामुळे उत्तर वॉर्डातूनच देते.

साध्या वॉर्डातला कुठलाही चार्ट उघडा आणि श्वासाच्या वेगाचा कॉलम वरपासून खालपर्यंत वाचा. नाडी ८२, ९६, ७४ अशी बदलत असते, बीपी बदलतं, सॅच्युरेशन बदलतं, कारण ते आकडे मशीन दाखवतं. श्वास मात्र सगळ्यांचा १८, नाहीतर २०. न्यूमोनिया झालेल्याचा १८, हात मोडलेल्याचा १८, आणि डायबेटिसच्या ॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल वाढल्यामुळे, अक्षरशः धापा टाकणाऱ्याचाही १८. कारण श्वास मोजायचा तर पेशंटच्या छातीकडे बघत मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि ते मिनिट कुणी दिलं नाही हे पेशंटला कळत नाही, नातेवाइकांना कळत नाही, राउंडला आलेल्या सरांनाही बऱ्याचदा कळत नाही, फाईल तर व्यवस्थित भरलेली असते. आणि पेशंट बिघडायला लागलाय हे सगळ्यात आधी सांगणाऱ्या गोष्टींमध्ये श्वासाचा वेग येतो, बीपी पडेपर्यंत बराच वेळ हातातून गेलेला असतो.

माझ्या मते प्रोफेशनॅलिझमचा गाभा हाच आहे. जे काम केलं की नाही, नीट केलं की नाही, हे पेशंटला तपासताच येत नाही, ते काम तुम्ही कसं करता. टाय, एप्रन, गोड बोलणं हे पेशंटला दिसतं, त्याचं तो बघून घेईल. पण ऑपरेशनच्या आधी हात किती वेळ धुतले, रिपोर्ट आल्यावर तो त्याच दिवशी वाचला की तीन दिवसांनी, "हार्ट साउंड्स नॉर्मल" असं लिहिण्याआधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला होता का, हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगते. आजारी माणूस आमच्यासमोर कपडे काढतो, घरातल्या कुणाला सांगितलं नाही ते आम्हाला सांगतो, भूल घेऊन बेशुद्ध पडतो आणि आम्ही सुरी चालवतो. समाजाने एवढा विश्वास टाकला, आणि त्यावर आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे स्वतःचे नियम स्वतः ठरवायची मुभा. डॉक्टर कुणी व्हायचं, अभ्यासक्रम काय, परीक्षेत पास कुणाला करायचं, आणि एखादा चुकला तर त्याने चुकीचं केलं की नाही, हे सगळं बऱ्याच अंशी डॉक्टरच ठरवतात, कारण बाहेरच्याला त्यातलं कळत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रिचर्ड आणि सिल्व्हिया क्रूस हे दांपत्य वर्षानुवर्षं हेच मांडत आले की हा एक सामाजिक करार आहे, लिहिलेला नाही पण दोन्ही बाजूंना बांधणारा. तुम्ही आम्हाला मोकळीक द्या, आम्ही पेशंटचं हित आमच्या हिताच्या वर ठेवू आणि आमच्यातल्या चुकणाऱ्यांना आम्हीच आवरू. करार मोडला की मोकळीक जाते.

ती कशी जाते याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधलं ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी. तिथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात लहान बाळांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण इतर सेंटरपेक्षा जास्त होतं. स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ आकडे गोळा करून हे पुन्हापुन्हा सांगत राहिले आणि ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं, शेवटी ते ऑस्ट्रेलियाला निघून गेले. सार्वजनिक चौकशी झाली, २००१ साली अहवाल आला. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट ही की तिथली माणसं वाईट होती असं अहवाल म्हणत नाही, उलट ती कळकळीने काम करणारी होती असंच म्हणतो. पण स्वतःच्या निकालांकडे सरळ बघायची सवय नव्हती, सिनियरला प्रश्न विचारायची पद्धत नव्हती, आणि तक्रार कुठे करायची हे ठरलेलं नव्हतं. अशा प्रकरणांनंतर ब्रिटनमध्ये डॉक्टरांवरचं नियंत्रण कडक होत गेलं आणि २०१२ पासून तर लायसन्स टिकवायला ठरावीक काळाने आपण अजून योग्य आहोत हे दाखवावं लागतं.

त्यामुळे "मी मनाने चांगला आहे, मग मला प्रोफेशनॅलिझम काय शिकवता" असं कुणी म्हटलं की मी थांबवते. मनाने चांगलं असणं हवंच, त्याशिवाय पुढचं काही उभं राहत नाही, पण रात्री तीन वाजता, सलग बारावा पेशंट घेताना, भूक लागलेली असताना मनाचा चांगुलपणा आपोआप हातात उतरत नाही, तो सवयीतून उतरतो, आणि सवय लावून घ्यावी लागते. म्हणजे तुमच्या "शिकवून येतो का" या प्रश्नाचं माझं उत्तर हो असं आहे, फक्त तो लेक्चरच्या हॉलमध्ये फार थोडा येतो.

व्याख्या हवीच असेल तर २००२ सालची फिजिशियन चार्टर बघा, अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या इंटर्नल मेडिसिनच्या संस्थांनी मिळून केलेली, लॅन्सेट आणि ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या दोन्ही जर्नलमध्ये एकाच वेळी छापून आली. तीन तत्त्वं आहेत: पेशंटचं हित आधी, पेशंटचा स्वतःबद्दल ठरवायचा हक्क, आणि सामाजिक न्याय. त्याखाली दहा बांधिलक्या आहेत, ज्ञान अद्ययावत ठेवणं, पेशंटशी प्रामाणिक राहणं, गुप्तता, हितसंबंधांचा गुंता नीट हाताळणं वगैरे. परीक्षेला एवढं पुरेल. तिसऱ्या तत्त्वाकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात म्हणून एवढंच सांगते की ओळखीच्या माणसाला रांग मोडून आधी बेड देणं हे त्या तत्त्वाच्या विरोधात जातं, मग देणारा कितीही प्रेमळ असो.

आता तुमची खरी तक्रार. लेक्चरमध्ये एक आणि वॉर्डात दुसरं. याला नाव आहे, छुपा अभ्यासक्रम, फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ साली यावर लिहिलेला लेख आजही प्रत्येक मेडिकल शिक्षकाने वाचावा असा आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे, विद्यार्थी जे ऐकतात त्यापेक्षा जे बघतात ते शिकतात. कॉरिडॉरमध्ये पेशंटचा उल्लेख कसा होतो, "बेड नंबर सातचं लिव्हर" असा की नावाने, कुणावर ओरडलं जातं आणि कुणाला हसून सोडलं जातं, कुठल्या चुकीची चर्चा होते आणि कुठली गुपचूप फाईलमध्ये दडपली जाते, हे सगळं शिकवणंच आहे, फक्त त्याचं टाइमटेबल नाही.

याचा एक अभ्यास मला फार अस्वस्थ करतो. पीटर युबेल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली छापून आलेल्या अभ्यासासाठी फिलाडेल्फियातल्या पाच मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं की भूल दिलेल्या बाईची आतून तपासणी विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी करायची असेल तर तिला आधी विचारणं किती महत्त्वाचं आहे. ज्यांचं स्त्रीरोग विभागाचं पोस्टिंग झालं होतं त्यांना असं विचारणं, पोस्टिंग न झालेल्यांपेक्षा, कमी महत्त्वाचं वाटत होतं. म्हणजे शिक्षणाने त्यांची जाण वाढायच्या ऐवजी कमी झाली होती! त्यांना कुणी "विचारू नका" असं शिकवलं नसणार, सगळे करतात म्हणून ते चालतं असं त्यांच्या अंगवळणी पडलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारने अशा तपासणीआधी लेखी संमती घ्यायलाच हवी असं हॉस्पिटलना स्पष्ट बजावायला २०२४ साल उजाडलं. मोहम्मदरेझा होजत यांचा २००९ चा अभ्यासही याच वळणाचा, त्यात विद्यार्थ्यांची सहानुभूती मोजली तर पहिल्या दोन वर्षांत ती टिकून होती आणि घसरली तिसऱ्या वर्षात, अमेरिकेतल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी ज्या वर्षी वॉर्डात उतरतात त्याच वर्षी. तुम्ही आत्ता नेमके त्याच उंबरठ्यावर आहात, म्हणून तुम्हाला हे खटकतंय यात मला आनंद वाटतो. खटकणं थांबलं की काळजी करा.

सिनियरच्या ओरडण्याबद्दलही बोलते, कारण "सर कडक आहेत पण हात सोन्याचा आहे" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. इस्रायलमध्ये एक प्रयोग झाला, २०१५ साली पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये आला. नवजात बाळांच्या आयसीयूच्या २४ टीम, सिम्युलेशनमध्ये अपुऱ्या दिवसांचं बाळ, आतड्याच्या गंभीर आजाराने बिघडत जाणारं. निम्म्या टीमना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने थोडं अपमानास्पद बोलायचं, बाकीच्यांना नाही. ज्यांचा अपमान झाला त्या टीमचं निदानही कच्चं पडलं आणि प्रोसीजरही, कारण ते एकमेकांना माहिती सांगेनात, मदत मागेनात. आणि हे नुसते शब्द होते, आरडाओरडा नाही. दुसरा अभ्यास सर्जनवरचा, २०१७ चा, विल्यम कूपर यांच्या गटाचा: ज्या सर्जनविरुद्ध आधी पेशंटच्या तक्रारी सगळ्यात जास्त होत्या, त्यांच्या पेशंटमध्ये ऑपरेशननंतरची गुंतागुंत सर्वात कमी तक्रारी असलेल्यांच्या तुलनेत जवळपास १४ टक्क्यांनी जास्त होती. जो पेशंटचं ऐकत नाही तो बहुधा सिस्टरचंही ऐकत नाही, भूलतज्ज्ञाचंही ऐकत नाही, आणि रक्तस्राव होतोय हे त्याला उशिरा कळतं. त्यामुळे कडकपणा आणि हाताचं कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला मान्यच नाही. कामात काटेकोर असणारी, पण कुणाचा पाणउतारा न करणारी माणसं मी खूप पाहिलीत आणि त्यांच्या युनिटमध्ये ज्युनियर रात्री फोन करायला घाबरत नाहीत, पेशंटच्या दृष्टीने याला फार किंमत आहे.

आता वेळेवर येणं. तुम्ही ते जरा हलक्यात घेतलंय असं प्रश्नावरून वाटलं, म्हणून मॅक्सिन पापाडाकिस यांचा अभ्यास सांगते, २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. अमेरिकेतल्या तीन मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेले २३५ डॉक्टर, ज्यांच्यावर पुढे मेडिकल बोर्डाने शिस्तभंगाची कारवाई केली, आणि त्यांच्याच सोबतचे ४६९ डॉक्टर ज्यांच्यावर झाली नाही, अशी तुलना केली आणि दोघांच्या विद्यार्थिदशेतल्या फाईली उघडल्या. विद्यार्थी असताना वागणुकीबद्दल नोंद असणाऱ्यांमध्ये पुढे कारवाई होण्याचे ऑड्स (होण्याचं न होण्याशी गुणोत्तर) तिप्पट निघाले. आणि सगळ्यात मजबूत धागा कशाशी होता? गंभीर बेजबाबदारपणाशी, ते ऑड्स साडेआठपट. हजेरी लावायची नाही, पेशंटचं दिलेलं काम अर्धवट टाकायचं, न सांगता गायब व्हायचं, अशा गोष्टी. दुसरा धागा होता सुधारायची तयारी नसणं, म्हणजे चूक दाखवली की वाद घालायचा किंवा दुसऱ्यावर ढकलायचं. मार्क किंवा हुशारी यांचा संबंध यापेक्षा बराच कमी होता.

पण याचा अर्थ ज्याच्या नावावर एखादी नोंद आहे तो पुढे वाईट डॉक्टर होणार असा काढू नका, काही शिक्षक नेमका तोच काढतात आणि पोराला कायमचा शिक्का मारतात. बोर्डाची कारवाई ही मुळात दुर्मिळ गोष्ट, तिच्या तिप्पटही कमीच होते, नोंद असलेले बहुतेक जण पुढे व्यवस्थित काम करतात. अभ्यासाचा माझ्या लेखी उपयोग एवढाच की शिक्षकाने लवकर बघावं आणि लवकर बोलावं. तुम्ही सकाळी आठच्या ड्युटीला साडेआठला पोचता तेव्हा रात्रभर जागलेला माणूस अर्धा तास तुमची वाट बघत बसतो, किंवा वाट न बघता चार ओळी खरडून निघून जातो, आणि त्या चार ओळींत जे राहिलं त्याची किंमत पेशंट मोजतो.

हँडओव्हरचं, म्हणजे ड्युटी संपताना पेशंट पुढच्या डॉक्टरच्या हाती सोपवण्याचं, मुद्दाम सांगते, कारण इथे सवय बदलली की निकाल बदलतो हे दाखवता येतं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलच्या बालरोग विभागांत रेसिडेंटना (वॉर्डात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरांना) आय-पास नावाची पद्धत शिकवली: पेशंट किती गंभीर आहे, थोडक्यात केस, काय करायचं बाकी आहे, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ साली निकाल आले, वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी. औषध तेच, डॉक्टर तेच. माझ्या मते यातला शेवटचा भाग सर्वात मोलाचा, परत सांगणं, कारण "हो हो कळलं" म्हणून मान हलवणारा ज्युनियर रात्री दोन वाजता त्या पेशंटसमोर उभा राहिल्यावर त्याला आठवतं की पोटॅशियम पुन्हा बघायचं होतं, पण ते किती आलं तर कुणाला फोन करायचा हे कुणी बोललंच नव्हतं.

मोजण्याबद्दल. मार्क देण्यात अर्थ आहे का? पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी, ज्याने तुम्हाला दोनदाच पाहिलंय अशा माणसाने "प्रोफेशनॅलिझम: १० पैकी ८" लिहिलं तर त्यात काहीच अर्थ नाही, ते तुमचं बरोबर आहे. मोजायचं तर पाहिलेलं वागणं मोजावं, आणि अनेकांनी, अनेकदा. मॅकगिलमध्येच पी-मेक्स नावाचा छोटा फॉर्म तयार झाला, त्यात "पेशंटचं लक्ष देऊन ऐकलं", "स्वतःच्या मर्यादा कबूल केल्या", "हातात घेतलेलं काम पूर्ण केलं" अशी दिसणारी वागणूक नोंदवतात, एका प्रसंगापुरती, आणि असे बरेच प्रसंग जमा झाले की काहीतरी चित्र दिसतं. सिस्टर, टेक्निशियन, सोबतचे विद्यार्थी आणि पेशंट यांचं मत घेतलं तर आणखी स्वच्छ दिसतं, कारण सरांसमोर सगळेच नीट वागतात. जॉर्ज मिलर यांचा १९९० चा पिरॅमिड, म्हणजे कौशल्य तपासायच्या चार पायऱ्या, तुम्हाला शिकवला असेलच: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष करतो. क्रूस दांपत्याने सहकाऱ्यांसोबत २०१६ साली त्याच्या टोकावर आणखी एक पायरी सुचवली, की तो तसा झाला आहे, म्हणजे डॉक्टरसारखं वागणं हे आता त्याचं स्वतःचं झालंय. ती पायरी मार्कांत मोजता येईल असं मला वाटत नाही, आणि तसा हट्टही धरू नये.

आणि नोंद केली तर पुढे काय? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेराल्ड हिक्सन यांनी जी पद्धत बसवली ती मला पटते. पहिली तक्रार आली की सोबतच्याच एखाद्याने कपभर कॉफी घेत खासगीत सांगायचं, "असं असं झालं असं कळलं, तुझी बाजू काय असेल मला माहीत नाही, पण तुला कळावं म्हणून सांगतोय." बस. चौकशी नाही, शिक्षा नाही. बहुतेक जण तिथेच सुधारतात. तरी चालू राहिलं तर आकडे समोर ठेवून बोलायचं, मग वरिष्ठांनी ठरलेल्या योजनेसह, आणि तरीही नाही तर कारवाई. आपल्या क्षेत्रात बऱ्याचदा उलट होतं, दहा वर्षं कुणी काहीच बोलत नाही आणि मग एकदम स्फोट होतो, त्यात माणूसही जातो आणि त्या दहा वर्षांतले पेशंटही.

चुकीबद्दल पेशंटला सांगणं, हा माझ्या मते सगळ्यात अवघड भाग आणि इथे शिकवावंच लागतं, अगदी वाक्यांसकट. समजा रक्त पातळ करायचं इंजेक्शन एकदा द्यायचं ते दोनदा दिलं गेलं. नेहमी काय बोललं जातं? "काका, जरा प्रॉब्लेम झाला होता, आता सगळं कंट्रोलमध्ये आहे, काळजी करू नका." यात त्या माणसाला काहीच कळलं नाही. मी विद्यार्थ्यांकडून असं म्हणवून घेते, मोठ्याने, एकमेकांसमोर बसवून:

"काका, आज सकाळी तुम्हाला रक्त पातळ करायचं इंजेक्शन चुकून दोनदा दिलं गेलं. ही चूक आमची आहे आणि त्याबद्दल मी तुमची माफी मागते. यामुळे कुठे रक्त यायची शक्यता वाढली आहे, म्हणून पुढचा डोस थांबवलाय, रक्त तपासायला पाठवलंय, आणि उद्या सकाळपर्यंत सिस्टर दर तासाला येऊन बघतील. लघवीला लाल झालं, शौचाला काळं झालं किंवा डोकं दुखायला लागलं तर लगेच हाक मारा. हे कसं घडलं ते आम्ही शोधतोय आणि उद्या राउंडनंतर मी स्वतः येऊन सांगेन."

आणि मग उद्या खरंच जायचं, काही कळलं नसलं तरी "अजून कळलं नाही" हे सांगायला जायचं. असं बोललं तर केस होईल अशी भीती सगळ्यांना वाटते, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये २००१ पासून चूक झाली तर आपणहून सांगायचं आणि योग्य तिथे भरपाई देऊ करायची असं धोरण आणलं, २०१० साली त्याचे निकाल छापून आले, आणि भरपाईचे दावे वाढायच्या ऐवजी कमी झाले होते. हे तिथल्या सगळ्या व्यवस्थेसकट झालं हेही लक्षात ठेवा, हॉस्पिटल पाठीशी उभं नसेल तर एकट्या रेसिडेंटला पुढे करून "तू सांग" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा वेळी आधी सिनियरला कळवायचं आणि दोघांनी मिळून जायचं.

दोन छोट्या गोष्टी, ज्यांना विद्यार्थी छोट्याच समजतात. एक, औषध कंपनीचं जेवण. २०१६ साली जवळपास २ लाख ८० हजार अमेरिकन डॉक्टरांची माहिती तपासली तर कंपनीचं एखादंच साधं जेवण घेतलेल्या डॉक्टरांमध्येही त्या कंपनीचा ब्रँड लिहिण्याचं प्रमाण जास्त दिसलं. जेवणामुळेच झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण "माझ्यावर परिणाम होत नाही" हे प्रत्येकाला वाटतं आणि प्रत्येकाचं खरं असू शकत नाही. दुसरं, व्हॉट्सॲप. एक्स-रेचा फोटो ग्रुपवर टाकताना कोपऱ्यातलं नाव राहतं, जखमेचा फोटो टाकताना चेहरा किंवा गोंदण राहतं, आणि पुढे तो कुठे जाईल यावर तुमचा ताबा उरत नाही. शिकण्यासाठी हवा असेल तर पेशंटला विचारा, हॉस्पिटलचा नियम बघा, नाव काढा. आणि गंमत म्हणून कधीच टाकू नका.

आता थकव्याबद्दल, कारण हे सोडून दिलं तर वरचं सगळं तुमच्या डोक्यावर टाकल्यासारखं होईल. लिझेलॉट डायर्बी यांच्या गटाने सात अमेरिकन मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा केलेला अभ्यास २०१० साली छापून आला, त्यात बर्नआउट झालेल्यांनी, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून गेलेल्यांनी, अप्रामाणिक वागणं जास्त प्रमाणात कबूल केलं, आणि त्यात एक गोष्ट होती न तपासता "तपासलं, नॉर्मल" असं सांगणं. सलग तीस तास जागलेला, ज्याला कुणी जेवलास का विचारलं नाही असा पोरगा मिनिटभर छातीकडे बघत उभा राहणार नाही, आणि त्याला नीतिमत्तेचं लेक्चर देऊन तो उभा राहायला लागेल असं समजणाऱ्यांवर माझा राग आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेची जिनेव्हा प्रतिज्ञा १९४८ ची, पण स्वतःच्या तब्येतीची काळजी घेईन हे वाक्य तिच्यात यायला २०१७ लागलं. ड्युटीचे तास ठरवणारे, वॉर्डात पुरेशा सिस्टर नेमणारे, बिघडलेलं बीपीचं मशीन बदलून देणारे, यांचं कामही प्रोफेशनॅलिझममध्येच मोजायला हवं, आणि ते बहुतेक फॉर्मवर नसतं. तरीही थकवा हे कारण झालं, परवानगी नाही. मोजलं नसेल तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना बघून दुसरा कुणी तरी मोजेल, खोटा १८ बघून कुणीच मोजणार नाही.

शेवटचा भाग, सिनियर उलटं वागतात तेव्हा तुम्ही काय करायचं. विद्यार्थ्याच्या हातात फार सत्ता नसते आणि धाडस करा असं दुरून सांगणं सोपं असतं, म्हणून दोन प्रकार वेगळे करते.

पेशंटला आत्ता इजा होऊ शकते असं दिसलं तर थांबू नका, पण आरोप न करता समोर दिसणारी गोष्ट बोला. "मॅडम, कन्सेंटवर डावी बाजू लिहिली आहे, आपण उजवी रंगवतोय, एकदा फाईल बघूया का?" एवढं पुरतं. एकदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा, "मला काळजी वाटतेय" असं स्पष्ट म्हणून, आणि तरी नाही तर भूलतज्ज्ञ किंवा ओटीच्या सिस्टर, जो जवळ असेल त्याला. डब्ल्यूएचओच्या सर्जरी चेकलिस्टमध्ये सुरुवातीला सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं असतं ते उगीच नाही, एकदा तोंडातून आवाज निघाला की दुसऱ्यांदा निघणं सोपं जातं. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलमध्ये ती चेकलिस्ट वापरली तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते, निकाल २००९ चे.

दुसरा प्रकार, आत्ता इजा नाही पण वागणं चुकीचं आहे: पेशंटची टिंगल, अपमान, न करता लिहिलेल्या नोट्स, न विचारता केलेली तपासणी. इथे राउंडमध्ये उभं राहून वाद घालायची गरज नाही. त्याच दिवशी तारीख, वेळ आणि जे प्रत्यक्ष पाहिलं ते लिहून ठेवा, पेशंटचं नाव न लिहिता आणि तुमचं मत न मिसळता. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका शिक्षकाकडे जा, शक्य असेल तर दोघं-तिघं मिळून जा, कारण एकट्याचं म्हणणं "त्याला खटकलं" म्हणून सोडून देता येतं. तुमच्या कॉलेजमध्ये नाव न सांगता कळवायची सोय असेल तर ती पोस्टिंग सुरू होण्याआधीच शोधून ठेवा, गरज पडते तेव्हा शोधायला वेळ आणि धीर दोन्ही नसतात. आणि तुम्हाला स्वतःला एखादी तपासणी पेशंटला न विचारता करायला सांगितली तर "सर, मी आधी त्यांना विचारून येऊ का?" असं म्हणा. नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं जातं, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक सिनियर त्यावर "हो, जा" म्हणतात.